काळी-पिवळीतली हजेरी

या धाग्यावरचे अनुभव मी बरेच महिने वाचते आहे आणि खरं सांगते, निम्म्यांवर तर हसले आहे. पांढरी साडी, पैंजण, आडरानातला वड... तेच ते! तेव्हा माझं वाचून कोणी हसलं तर मी रागावणार नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा आणि मग हसा.

आमच्या घरात असल्या गोष्टींना थाराच नव्हता. आजोबांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हा ताईत, गंडे, उतारे सगळं घराबाहेर गेलं ते कायमचं. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. लिंबातून रक्त कसं काढतात हे पोरांना वर्गात करून दाखवायचे. कोणीतरी चौकात ठेवलेल्या उताऱ्याचा नारळ उचलून आणून मी त्याची चटणी वाटलेली आहे. सासूबाईंनी ती खाल्ली नाही, पण मला काही बोलल्याही नाहीत.

गोष्ट त्या वर्षांतली, जेव्हा आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाने सगळ्यांचंच कंबरडं मोडलं होतं. आम्ही नेरला राहायचो. मिलिंदचे बाबा, म्हणजे माझे मिस्टर, कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून. त्या हंगामात कापूस असा आलाच नाही, जिनिंग मध्येच बंद पडली, आणि मालक म्हणाला की उन्हाळाभर उरलेल्या कापसाच्या गठाणींवर लक्ष ठेवा, मग पगाराचं पाहू. म्हणजे हे नेर सोडून हलू शकत नव्हते. बाजारात तर अशी शांतता की कापडाचे दुकानदार दुपारी गाद्यांवर घोरत पडलेले दिसायचे.

आणि इकडे पोरांना उन्हाळ्याची सुट्टी लागलेली. मिलिंद सातवीत, प्रज्ञा पाचवीत. दोन उन्हाळे मी त्यांना "पुढच्या वर्षी नक्की" म्हणून टोलवलं होतं. आता ते ऐकणार नव्हते. आणि खरं सांगायचं तर मलाच घरात बसवत नव्हतं. माझ्या पायाला पहिल्यापासून भिंगरी. त्यात सगळ्या गावावर पसरलेलं ते सुतक... कुठेही गेलं तरी तेच बोलणं, तेच सुस्कारे. मला वाटायचं, चार दिवस का होईना, लेकरांना घेऊन या सगळ्यातून बाहेर पडावं.

रोज संध्याकाळी ओट्यावर बसून आमचं प्लॅनिंग चालायचं. महाबळेश्वरपासून सुरू झालेला प्लॅन चिखलदऱ्यावर आला. चिखलदऱ्याच्या लॉजचे भाव ऐकून तिथूनही खाली उतरला. नागपूर पोरांनी पाहिलेलंच होतं. शेवटी उरली वणी, कारण तिथे माझी मोठी बहीण होती. तिचे मिस्टर कोळसा खाणीत, राहायला क्वार्टर, म्हणजे मुक्कामाचा प्रश्न मिटला.

"वणीले काय हाय?" मिलिंद म्हणाला. "कोयसाच तं हाय!"

मग मी त्याला घराएवढ्या डंपरचं सांगितलं. एका दिवसात जाऊन येता येईल असा चंद्रपूरचा किल्ला सांगितला. डंपरवर तो पाघळला. प्रज्ञाला किल्ला हवा होता. ठरलं.

जायचं कशाने, हा प्रश्न देवाभाऊंनी सोडवला. देवाभाऊ म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांची काळी-पिवळी होती. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे गावोगाव सवाऱ्या घेऊन पळणाऱ्या जीपला काळी-पिवळी म्हणतात, रंगावरून. त्या वर्षी लोकांच्या हातात पैसाच नव्हता, बाजाराला कोणी येईना, त्यामुळे गाडी निम्मा वेळ कडुनिंबाखाली उभी असायची.

"वहिनी, गाडी आपली हाय," देवाभाऊ म्हणाले. "डिझेलचं टेन्शन नका घेऊ. रस्त्यानं सवाऱ्या घेत घेत जाऊ. लोक पैसे देऊन आपल्याले वणीले पोचवते."

मी पोट धरून हसले. पण विचार केला तर यात चूक काय होती? परमिट नेर-दारव्ह्याचं आहे, ही एक गोष्ट सोडून. त्यावर देवाभाऊंनी पोरांना शिकवून ठेवलं की कोणी खाकीवाल्यानं विचारलं तर गाडीतले सगळे आपले मामा आहेत म्हणायचं.

जाताना वाट जरा वाकडी करून बोरी अरबला थांबायचं होतं. तिथे माझी नणंद, शोभाताई. त्यांची सुजाता, म्हणजे आमची सुजू, तिसरीत. लग्नानंतर किती तरी वर्षांनी झालेलं एकुलतं एक लेकरू. शोभाताई तिला शेजारच्या गल्लीतही एकटी सोडत नसत. त्यांना पटवता पटवता माझ्या तोंडाला फेस आला होता. निघताना त्यांनी सुजूच्या डोक्याला ओला रुमाल बांधला आणि माझा हात धरला.

"वहिनी, तुमच्या भरोशावर देऊन राह्यली बरं. उन्हात नका फिरू देऊ. अन् हिले एकटी नका सोडू."

"शोभाताई, मी साठ-साठ पोरं सहलीला नेऊन परत आणली आहेत," मी म्हणाले. जरा तोऱ्यातच म्हणाले.

माझ्या या तोऱ्याला कारण होतं. सहलीला नेताना मी प्रत्येक पोराला नंबर द्यायचे. गाडी सुटली की मी ओरडायचं, "नंबर!" आणि पोरांनी ओळीने बोलायचं. एक जरी आवाज आला नाही तर गाडी तिथेच थांबायची. माझ्या नोकरीत ही पद्धत कधी चुकली नाही. इथे तर तीनच पोरं. मिलिंद एक, प्रज्ञा दोन, सुजू तीन. सुजूचे पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे तिचा आवाज जरा शीळ घातल्यासारखा यायचा, आणि ती नुसतं "तीन" म्हणून थांबायची नाही. "तीऽऽन, मामी!" असं लांबवून म्हणायची. हा आवाज मी हजार पोरांत ओळखला असता.

यवतमाळपर्यंत मजा आली. मिलिंद खिडकीतून लोंबकळत "यवतमाळ, यवतमाळ, चला यवतमाळ!" करत होता. एका आजीने त्याला खरोखरच कंडक्टर समजून सुट्टे मागितले. सवाऱ्या चढायच्या, उतरायच्या, आमची पोरं इकडच्या मांडीवरून तिकडच्या मांडीवर. प्रत्येक थांब्यानंतर मी "नंबर!" म्हणायचे, एक, दोन, तीन यायचे, आणि गाडी पुढे. सुजू तर इतकी खुलली होती की माझा नंबर कधी येतो याची वाटच पाहायची. पण का कोण जाणे, मलाच स्वस्थता नव्हती. कुठे थांबलो की वाटायचं निघावं, निघालो की वाटायचं काहीतरी राहिलं. उन्हाचं असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.

जोडमोहा मागे टाकून बरंच पुढे आल्यावर गाडी रिकामी होती आणि पोटात कावळे ओरडत होते. रस्त्यालगत कापूस खरेदीचं एक बंद केंद्र दिसलं. तारेचं कुंपण अर्धं पडलेलं, एक पत्र्याचं शेड, वजनाचा गंजलेला मोठा काटा आणि मधोमध छान गर्द कडुनिंब. त्या हंगामात ते उघडलेलंच दिसत नव्हतं, गेटच्या कुलपावर कोळ्याचं जाळं होतं. आम्ही पडलेल्या कुंपणातून आत गेलो, निंबाखाली चटई टाकली आणि दशम्या सोडल्या.

देवाभाऊ कांदा फोडता फोडता सांगत होते, "मी लहान असताना बाबासंग जात होतो ना वहिनी असल्या केंद्रावर. गाड्यांची लाईन लागे, पार गावापर्यंत. नंबर भेटे. मंग बसा वाट पाहत, बैलगाडीखालीच झोपा. नंबर पुकारला अन् माणूस हजर नसला का गेला नंबर! म्हणून कोणी जागा सोडे नाही. बाजूले जायचं असलं तरी दुसऱ्याले बसवून जाय."

हे बोलणं सुजूने ऐकलं की नाही, मला आठवत नाही. तिचं जेवण आधी झालं होतं. ती शेडच्या बाजूला खडे वेचत होती, एवढं मला दिसत होतं.

तेवढ्यात रस्त्यावर गलका झाला. लग्नाला निघालेली मंडळी, त्यांचा टेम्पो जरा मागे पंक्चर होऊन बसलेला, आणि मुहूर्त टळत चाललेला. काळी-पिवळी पाहून त्यांनी धावच घेतली. देवाभाऊंचे डोळे असे चमकले की विचारू नका. "करंजी का? बसा, बसा, सगळे बसा!" मी घाईघाईने चटई गुंडाळली, डबे कोंबले, "चला रे, चला!" म्हणून हाकारलं. गाठोडी, ट्रंका, आहेराची भांडी, सगळं मागे चढलं. मिलिंद पुढे देवाभाऊंजवळ घुसला. मी मधल्या सीटवर दोन जाड बायांच्या मध्ये, प्रज्ञा माझ्या मांडीवर. मान वळवायलाही जागा नव्हती. मागच्या दोन्ही बाकांवर पुरुष माणसं आणि मध्ये गाठोड्यांचा ढीग. सुजू मागे चढली असणार, कारण आतापर्यंत ती मागेच बसत आली होती.

गाडी हलली. मी ओरडले, "नंबर!"

"एक!"

"दोन."

"तीऽऽन, मामी!"

मागून, गाठोड्यांच्या पलीकडून आला आवाज. मी निश्चिंत झाले. हे मी शपथेवर सांगू शकते. आवाज आला नसता तर मी गाडी एक फूटही पुढे जाऊ दिली नसती.

वाटेत एका फाट्यावर एक जोडपं उतरलं. पुन्हा नंबर घेतला, पुन्हा तीन आले. उमरीजवळ रस्त्यात गुरं आडवी आली, गाडी थांबली, मी सवयीने पुन्हा विचारलं. "तीऽऽन, मामी!" माझ्या शेजारची बाई तर हसून म्हणाली, "गोड आवाज हाय व पोरीचा."

करंजीला आलो तेव्हा ऊन डोळ्यांत टोचत होतं. मंडळी भराभरा उतरली, गाठोडी खाली आली. समोर उसाच्या रसाचं दुकान होतं. मिलिंद आणि प्रज्ञा तिकडे पळालेही. मी मागे जाऊन म्हटलं, "सुजू, उतर बाळा, रस पिऊ."

मागे कोणी नव्हतं.

दोन बाक, आमची वळकटी, स्टोव्हची पिशवी. बस. मला आधी वाटलं, उतरली असेल दुसऱ्या बाजूने. रसाच्या दुकानात पाहिलं, मंडळींमध्ये पाहिलं. मागे बसलेले एक म्हातारे गृहस्थ पागोटं सावरत उभे होते, त्यांना विचारलं.

"पोरगी? अठीच मांगं तं होती ना बाई. आवाज देऊन राह्यली होती."

"पण तुम्हाला दिसली का?"

ते विचार करून म्हणाले, "दिसाले नाही दिसली जी. म्या म्हटलं, गाठोड्यामांगं बसली असन."

"तुमच्याबरोबर दुसरं कोणी लहान पोर होतं का मागे?"

"नाही ना. लेकरं सारी कालच गेली पुढं."

काय करावं सुचेना आणि तोंडातून सवयीने तेच निघालं. मी किंचाळले, "नंबर!"

रसाच्या दुकानापासून मिलिंद म्हणाला, "एक." प्रज्ञा म्हणाली, "दोन." आणि माझ्यासमोर उघड्या पडलेल्या, भर उन्हात रिकाम्या दिसणाऱ्या त्या गाडीतून आवाज आला...

"तीऽऽन, मामी!"

देवाभाऊंनी ऐकलं. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ऐकलं. ते दोन पावलं मागे सरले आणि आपल्या मंडळींकडे निघून गेले, उरलेले पैसेही द्यायचे राहिले. मी आत हात घातला. बाकाचं रेक्झिन चटका बसेल इतकं तापलेलं. बाकाखाली पाहिलं, वळकटी उलगडली. मी त्या वळकटीत आठ वर्षांच्या मुलीला शोधत होते, यावरून माझी अवस्था समजा.

"वहिनी, बसा," देवाभाऊ म्हणाले. त्यांनी गाडीला चावी लावलीही होती. "केंद्रावर राह्यली ते. बसा लवकर."

परतीचा तो रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही. देवाभाऊ गाडी अशी हाणत होते की दारं खडखडत होती. माझ्या डोळ्यांसमोर एकच: मे महिन्याचं ऊन, ती मोकळी जागा, समोरून जाणारे कोळशाचे ट्रक आणि रस्त्याच्या मधोमध चालत निघालेली सुजू. शोभाताईंना काय सांगू? तुमचं एकुलतं एक लेकरू मी गाठोड्यांच्या गडबडीत विसरले, हे कोणत्या तोंडाने सांगू? कुणी पळवून नेलं असेल तर? कुठली विहीर असेल तर? प्रज्ञा हुंदके देत होती. मिलिंद मागे वळून त्या रिकाम्या बाकांकडे पाहत होता आणि मग पटकन पुढे बघत होता.

मी पोरांना दम दिला, "आता कोणीही नंबर बोलायचा नाही." मला तो आवाज पुन्हा ऐकायचा नव्हता. आणि थोड्याच वेळात मलाच राहवेना. वाटायला लागलं, विचारलं नाही तर कळणार कसं की ती आहे? आवाज कुणाचाही असो, कसाही असो, आला तर निदान... शेवटी मी पदर तोंडात धरून रडत रडत विचारलं, "नंबर." पोरं बोलली. आणि मागून आला तो आवाज. स्पष्ट, तसाच दात पडलेला, तसाच आनंदी. मग मी विचारतच राहिले. दर वेळी "तीन" आलं की देवाभाऊंचा पाय आणखी जोरात दाबला जायचा.

केंद्र दिसलं तशी मी गाडी पुरती थांबायच्या आत उडी मारली. गुडघा फुटला, ते नंतर कळलं.

सुजू निंबाच्या बुंध्याला टेकून बसली होती. चपला शेजारी नीट काढून ठेवलेल्या. समोर खडे मांडून खेळत होती. डोक्याचा रुमाल वाळला होता, गाल लाल झाले होते, पण डोळ्यांत पाण्याचा थेंब नाही. मी तिला उचलून इतकी आवळली की ती कुरकुरली.

"मामी, किती डाव नंबर विचारशील व? मी बोलली ना दरवेळी!"

मी तिला खाली ठेवलं. "तुला... माझा आवाज येत होता?"

"हाव ना. गाडीचा बी येत होता. मंग तं तू रडून राह्यली होती. कायले रडत होती?"

ते मी तिला सांगितलं नव्हतं. रडून मी डोळे पुसले होते, आणि तिथे पोचल्यावर तर हसायला लागले होते.

"भीती नाही वाटली बाळा तुला?"

"कायले? तुम्ही तं होते ना." ती खडे गोळा करायला लागली. "अन् ते म्हातारे बाबाजी होते. ते म्हणे, नंबर पुकारला का हाव म्हणजो अन् जागा नको सोडजो, मामी येते."

"कोणते बाबाजी?"

तिने वजनाच्या काट्याकडे बोट दाखवलं. तिथे कोणी नव्हतं. देवाभाऊ शेडच्या मागे जाऊन आले, कुंपणाला वळसा घालून आले, रस्त्यापलीकडच्या शेतातही दूरवर पाहून आले. शेत नांगरून पडलेलं, माणूस सोडा, लपायला झुडूपही नव्हतं. ते परत आले, सुजूच्या चपला उचलल्या आणि म्हणाले, "निघू वहिनी."

मग आम्ही वणीला गेलो. हो, गेलो! बहिणीला सगळं सांगितलं, तिचे मिस्टर म्हणाले ऊन लागलंय, लिंबू-पाणी द्या. पोरांनी डंपर पाहिले, चंद्रपूरचा किल्ला पाहिला, कोळशाने काळी झालेली पावलं घेऊन क्वार्टरभर नाचली. सगळ्यात जास्त मजा सुजूनेच केली. मी मात्र त्या चार दिवसांत काही पाहिलं नाही. तिचं मनगट धरून फिरत होते. "मामी, दुखते ना!" म्हणून ती ओरडायची, तेव्हा मी पकड सैल करायचे आणि दोन मिनिटांनी पुन्हा घट्ट. नंबर मी पुन्हा घेतला नाही.

डोकं खाजवून खाजवून मी कारणं शोधली. बाबाजी कोणी गुराखी असेल, आम्ही यायच्या आत निघून गेला असेल. किंवा देवाभाऊंची गोष्ट ऐकून सुजूने मनाने रचला असेल. पोरं रचतात, मी वर्गात रोज पाहायचे. आवाज? उन्हाने, भीतीने भास होतात. पण भीती तर मला करंजीला वाटली, त्याआधी तीनदा आवाज आला तेव्हा मी मजेत होते. आणि शेजारच्या बाईला कसला भास झाला? त्या म्हाताऱ्या गृहस्थांना?

त्याहून एक विचार मला जास्त छळायचा. सुजूला आमचा आवाज येत होता म्हणून ती घाबरली नाही, जागेवरून हलली नाही, रस्त्यावर गेली नाही. त्या आवाजाने तिला राखलं, हे खरं. पण पहिल्यांदा तो आवाज आलाच नसता तर मी गाडी तिथल्या तिथे थांबवली असती! त्याच आवाजाने मला उमरीपर्यंत, करंजीपर्यंत निर्धास्त नेलं, आणि ती तिथे एकटी होती. मग ते जे काही होतं ते आमच्या बाजूचं होतं की नाही? मी एकदा हो म्हणते, एकदा नाही म्हणते.

परत येताना बोरी अरबला थांबलो. शोभाताईंनी चहा टाकला. मी ठरवलंच होतं की आपणहून सगळं सांगायचं, पण सुजूने मला संधीच दिली नाही. कप हातात येतात न येतात तोच तिचं सुरू झालं, "आई, मामी मले विसरून गेलती! त्या कापसाच्या केंद्रावर. मी एकटीच होती."

शोभाताई हसायला लागल्या. "चाल, लबाड कुठची! मामी विसरते का तुले? मी ऐकलं ना."

मी लगेच विचारलं, "काय ऐकलं, शोभाताई?"

"त्या दिवशी दुपारी जी. तुम्ही गेल्यापासून मले चैनच नव्हती पडत. घरातून अंगणात, अंगणातून घरात. जेवण नाही गेलं. अन् मंग हिचा आवाज आला, 'तीन, मामी!' इतका साफ आला, मी दारात पाह्यलं. मागून गाडीचा बी आवाज. दोन-तीन डाव आला. मी म्हटलं, लेकरू गाडीत मजेत खेळून राह्यलं, आपण उगीच जीव काढून राह्यलो. तशीच आडवी झाली अन् अशी झोप लागली, वहिनी, दिवस बुडता बुडता उठली."

मी कप ठेवला आणि सगळं सांगितलं. गलका, गाठोडी, करंजी, रिकामा बाक, निंबाचं झाड. काही लपवलं नाही. मला वाटलं, आता त्या मला शिव्या घालतील, चार थोबाडीत मारतील. मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी सुजूला ओढून मांडीवर घेतलं. तिच्या दंडांवरून, पाठीवरून, तोंडावरून हात फिरवत राहिल्या. सुजू म्हणाली, "काय करतं व आई, गुदगुल्या होते!" तरी त्या फिरवतच राहिल्या. चहा निवून गेला. मग माझ्याकडे पाहून त्यांनी एवढंच विचारलं.

"मंग मी कोणाचा आवाज ऐकून झोपली, वहिनी?"

त्याला आज इतकी वर्षं झाली. मी अजून देवऋष्याच्या दारात पाय ठेवलेला नाही आणि ठेवणार नाही. जे झालं ते झालं, पण का झालं, कोणी केलं, मला माहीत नाही. सुजू आता नागपुरात नोकरी करते. तिला त्यातलं खडे खेळल्याचं तेवढं आठवतं. कोणाकडे पटेल असं स्पष्टीकरण असेल तर जरूर लिहा, मी वाद घालणार नाही.

फक्त शोभाताईंना त्यानंतर दुपारी झोपलेलं मी कधी पाहिलं नाही. जेवणं झाली की त्या दारात येऊन बसतात. आता गुडघे दुखतात, बसवत नाही, तरी बसतात. "पडा ना जरा," असं मी म्हटलं, की म्हणतात, "नाही जी, अठी दारातच ठीक हाय."